जॅकवेल ठीक

माझं काम तारांचं. पवनेच्या बॅकवॉटरवर, तिकोणा पेठेपासून थोडं पुढे, एका टेकाडावर आमचं निवासी प्रशिक्षण केंद्र आहे. तिथली जी जी वस्तू तारेनं किंवा तारेवाचून बोलते, ती माझ्या गळ्यात. इंटरकॉम, कॅमेरे, इंटरनेट, वर्गातले माईक, सगळंच. घोरावाडी स्टेशनाजवळ राहते आणि स्कूटरनं येते-जाते. पावसाळ्याचे चार महिने माझा रेनकोट कधी वाळत नाही. स्वभावानं जरा तापट आहे, आणि आपलं बरोबर आहे असं एकदा वाटलं की मग समोरच्याचं ऐकत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

आमच्याकडे मोबाईलची रेंज पाहुण्यासारखी येते. वरच्या इमारतींत असते, गेटवर कधी असते कधी नसते, आणि खाली जॅकवेलला अजिबात नसते. जॅकवेल म्हणजे धरणाच्या पाण्याच्या कडेला बांधलेली खोल गोल विहीर. तिच्यावर पंपाची खोली. सगळ्या केंद्राला पाणी तिथून वर चढतं. जायला कड्याच्या अंगानं दीडेकशे पायऱ्या उतराव्या लागतात, आणि दिवसभर तिथं एकच माणूस असतो.

तो माणूस म्हणजे आबा. तिकोणा पेठेचे, साठीला आलेले, अंगानं काटक. त्यांचं जुनं घर आणि शेत धरणाच्या पाण्याखाली गेलं, आणि नोकरी लागली ती त्याच पाण्याच्या काठावर. यावरून कुणी हळहळलं की ते म्हणायचे, "बरं झालं की. पाणी माझ्या रानातनंच येतंय, मंग पाजतोय मीच." आबा एकटे खाली असताना काही झालं तर वर कळणार कसं, म्हणून केंद्रानं वायरलेस सेट घ्यायचं ठरवलं. गेट, वसतिगृह, स्वयंपाकघर, जॅकवेल यांना एकेक हातातला सेट आणि ऑफिसच्या खोलीत मोठा बेस. बेसची अँटेना कोणती आणि केबल कोणती, ते ठरवायचं काम माझं.

डोळ्यांपुढे दोन अँटेना होत्या. एक ठेंगणी, दोन दांड्यांची, दिसायला अगदीच गरीब. दुसरी पांढरी, फायबरची, तीन माणसं एकावर एक उभी केली तर होतील एवढी उंच. पहिल्या दिवसापासून माझं मन त्या उंचीवर बसलं. कारणही तयार होतं. बेसपासून गच्चीपर्यंत भिंतीत आधीच एक पाईप पुरलेला होता, त्यात तीन काटकोनी वळणं. जाड केबल, अंगठ्याएवढी, ती काही त्या वळणांतून जाणार नव्हती. तिच्यासाठी स्वागतकक्षाची नुकतीच दगड लावलेली भिंत फोडावी लागली असती, आणि आमच्या केंद्रप्रमुख साहेबांचा त्या भिंतीवर फार जीव. बारीक केबल सुरकन जात होती, पण बारीक केबल वाटेतच बराच सिग्नल खाते. मी म्हटलं, खाऊ दे. केबल खाईल ते उंच अँटेना भरून काढेल.

यात एक मेख होती, आणि ती मला ठाऊक होती. अँटेना स्वतः काही ताकद तयार करत नाही. पिठाचा गोळा तेवढाच असतो. थापून थापून भाकरी मोठी केली की ती लांबवर पोचते, पण पातळ होते. उंच अँटेनाची भाकरी क्षितिजाकडे सपाट पसरते, थेट पाण्यापलीकडच्या डोंगरांपर्यंत. अँटेनाच्या पायाशी, खोल खाली बसलेल्या माणसाच्या वाट्याला तिचा तुकडा येतो न येतो. कॅटलॉगमध्ये त्याचं चित्रच छापलेलं होतं. मी ते पाहिलं आणि पान उलटलं.

चाचणी घेतली ती भर उन्हाळ्यात. तिकोणा गडाच्या पायथ्यापासून आवाज असा आला की माणूस शेजारी बसलाय. साहेबांनी पाठ थोपटली. जॅकवेलची चाचणी आबांनी पायऱ्यांच्या वरच्या टप्प्यावर उभं राहून दिली, कारण खाली उतरून पुन्हा चढावं असं ऊन नव्हतं. मीच म्हटलं होतं, "आबा, तिथूनच बोला." आवाज आला. मी कागदावर बरोबरची खूण केली.

पावसाळा धरला तेव्हा खालून येणारा आबांचा आवाज फाटायला लागला. वरचं खाली ऐकू जाई, कारण बेसचा सेट ताकदवान. खालचं वर येताना मात्र चाळणीतून आल्यासारखं येई. मी एक उपाय केला. प्रत्येक सेटमध्ये एक खुणेचा सूर भरलेला असतो. तो जुळला तरच बेस आवाज आत घेतो, एरवी परक्यांना दार बंद. आबांचा क्षीण आवाज त्या दारावर अडतो असं वाटून मी ती खूणच काढून टाकली. दार सताड उघडं. आबा थोडे बरे ऐकू येऊ लागले, आणि आणखी कोण आत येऊ शकेल याचा मी विचार केला नाही.

आबांनी आपला उपाय वेगळाच काढला. आवाज फाटतो ना, मग बोलायचंच कशाला? बेसवरून "जॅकवेल?" असं विचारलं की ते नुसतं बटण दोनदा दाबायचे. वर स्पीकरमध्ये खट्, खट्. म्हणजे सगळं ठीक. ही रीत सगळ्या गार्डांना इतकी आवडली की महिन्याभरात कुणी बोलेनासंच झालं. दर तासाला बेसवरून हाका जात आणि चारी बाजूंनी खट् खट् येई. मग बेसवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं एकेकाचं नाव घेऊन जाहीर व्हायचं. गेट ठीक. होस्टेल ठीक. जॅकवेल ठीक.

बेसवर मावशी बसायच्या. गार्डच्या गणवेशातल्या, परंदवडीच्या, पन्नाशीच्या पुढच्या. मीही मूळची परंदवडीचीच, त्यामुळे मला मॅडम न म्हणता ताई म्हणणाऱ्या दोघांत एक त्या आणि दुसरे आबा. मावशींचं अक्षर गोल, टपोरं. रजिस्टरात दर तासाला चार वेळा "ठीक" लिहिताना त्या जीभ किंचित बाहेर काढायच्या.

श्रावणाआधीची गोष्ट. दुपारचे चार वाजत आलेले. धुकं असं की खिडकीबाहेर कुणी पांढरं धोतर वाळत घातलंय. आबा वर चहाला आले होते, मावशींच्या समोरच्या बाकावर बसलेले. त्यांचा सेट टेबलावर होता, बॅटरी काढून चार्जरला लावलेली. मी खालच्या कपाटात काहीतरी शोधत होते. चार वाजले तशा मावशींनी सवयीनं हाका सुरू केल्या. गेट, होस्टेल, किचन. आणि त्याच ओघात त्यांच्या तोंडून "जॅकवेल?" गेलं. आबा समोर बसलेत हे ध्यानात येऊन त्या हसल्या.

स्पीकरमधून आलं, खट्, खट्.

आबांचा कप ओठाशी होता तो तिथंच राहिला. त्यांनी आधी टेबलावरच्या सेटकडे पाहिलं, मग चार्जरमधल्या बॅटरीकडे, मग माझ्याकडे.

"बगा," ते म्हणाले, "म्या हितं, आन् माझी हजेरी तितं."

ते हसले, पण बेताचंच. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि पदर सावरावा तशी गणवेशाची कॉलर सावरली. मला त्या क्षणी मानेवर काटा आला होता, हे मी कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या केंद्रात एकच विषय. पाण्याखालचं गाव बोलतंय. आबांच्या जुन्या घरातून कुणीतरी उत्तर देतंय. स्वयंपाकघरातल्या एकीनं तर खालच्या पायरीवर नारळ फोडायचंही ठरवलं. माझं डोकंच फिरलं. आमच्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव गेले आणि त्यांच्या मागोमाग भुतंही गेली. लहानपणी अंधाराला भ्यायलं तर बाबा टॉर्च देऊन पाठवायचे, जा, बघून ये काय आहे. मी तोच टॉर्च घेतल्यासारखी गच्चीवर चढले, अँटेनाचा जोड उघडला, आणि आत खरंच पाणी सापडलं. थेंबभर, पण स्पीकरमध्ये खट् खट् करायला पुरेसं. मी तो थेंब बोटावर घेऊन खाली आले आणि मावशींना दाखवला.

"हे तुमचं गाव," मी म्हटलं.

जोड पुसला, नवा बसवला, वरून टेप गुंडाळली. दोन दिवस आबा वर असताना मावशींनी मुद्दाम हाका दिल्या, काही आलं नाही. मी जिंकले. खरा दोष सापडला की माणूस दुसरा शोधायचं सोडून देतो. मीही दिलं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी ते झालं. सकाळपासून धुकं उठलंच नव्हतं. बारा वाजून गेल्यावर इंटरकॉमवर मावशींचा फोन आला. मी वर्गातला माईक उघडून बसले होते.

"ताई, जॅकवेलचं बगा जरा. खट् खट् येतंय, पन तो हात आबांचा न्हाई."

"म्हणजे?"

"आबा पयलं हलकं दाबत्यात, मंग थांबत्यात, मंग दुसरं जोरात. हे दोनी सारकंच. अकरालाबी तसंच व्हतं."

मला तो पाण्याचा थेंब आठवला, तो नारळ आठवला, आणि राग आला. "मावशी," मी म्हटलं, "वायरलेसला हात नसतो. पावसानं आवाज बदलतो. उत्तर आलं ना? मग ठीक लिहा. उगाच पुन्हा सगळ्यांना घाबरवू नका."

मग त्या म्हणाल्या, "बरं."

एक वाजता उत्तर आलं. ठीक. दोन वाजता उत्तर आलं. ठीक. दोन वाजून गेल्यावर मावशींनी पुन्हा फोन केला. या वेळी हातबित काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ताई, आबांचा डबा तसाच हाय."

आबा एक वाजता जेवायला वर यायचे, त्यात कधी खाडा नाही. मी मावशींना म्हटलं, तुम्ही जागा सोडू नका, नेहमीसारख्या हाका चालू ठेवा, मी बघून येते. एक सेट कमरेला लावला आणि निघाले.

त्या पायऱ्या मी पूर्वी शेकडो वेळा उतरले असेन. त्या दिवशी पुढची पायरी दिसत नव्हती, फक्त पायाखालची. कठड्याचा पाईप धरून उतरत होते. निम्म्यावर आल्यावर पंपाचा आवाज यायला लागला, एकसारखा, आणि तो ऐकून मला हायसं वाटलं. पंप चालू म्हणजे माणूस आहे, असं मी स्वतःला सांगितलं. पंपाला बंद करणारा कुणी नसेल तरी तो चालूच राहतो, हे तेव्हा सुचलं नाही. कमरेच्या सेटमधून मधूनच बेसवरचं मावशींचं बोलणं येत होतं, अगदी स्पष्ट.

पंपाच्या खोलीत लोखंडी जिना चार पायऱ्या खाली जातो. त्याच्या पायाशी आबा पडलेले होते. एक पाय जिथं असू नये तिथं वळलेला. कपडे ओले, ओठ काळपट. उजव्या हातात सेट होता आणि अंगठा बटणावर. सेटवरचा लाल दिवा लागत होता, विझत होता, लागत होता. पहिलं हलकं, मग थांबून, मग दुसरं जोरात.

"आबा!"

त्यांनी डोळे माझ्याकडे वळवले, पण अंगठा थांबला नाही.

मी सेट काढला. "बेस, बेस, आबा पडलेत, पायाला लागलंय, माणसं पाठवा." बटण सोडलं. उत्तर नाही. पुन्हा बोलले. पुन्हा काही नाही. तेवढ्यात तीन वाजले, आणि दोन्ही सेटमधून, माझ्या आणि आबांच्या, एकदम मावशींचा आवाज आला, शेजारी बसून बोलावं तसा.

"जॅकवेल?"

मी बटण दाबून ओरडले. शब्द काय होते ते आठवत नाही. आबाही दाबत होते. मी बटण सोडलं आणि कान लावला.

"जॅकवेल ठीक," मावशी म्हणाल्या. आणि मग जरा सैल आवाजात, "ताई पोचल्या वाटतं."

भीती म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. आम्ही दोघं तिथं, दोघांच्या हातात सेट, आणि आमच्या वतीनं दुसरंच कुणीतरी वर उत्तर देऊन मोकळं झालं होतं. मी खोलीत मागं वळून पाहिलं. बाबांचा टॉर्च, आजोबांची दीक्षा, सगळं असूनही मी मागं वळून पाहिलं. दारात धुकं होतं आणि पंप चालू होता.

आबांचा आवाज फार बारीक झाला होता. मी वाकले.

"धा वाजल्यापास्नं बोलतोय ताई. मावशी इचारती, म्या दाबतो. आन् मावशी म्हनती, ठीक." ते थांबले. "दोनदा ऐकलं तवर राग आला. मंग वाटलं, म्या वर गेलोय. बाकड्यावर बसून चहा पितोय. आन् हितं ह्यो पडलाय, तो कोन दुसराच हाय."

मी माझा रेनकोट त्यांच्या अंगावर घातला. इथून, जिन्याच्या पायाशी, काहीच वर जात नव्हतं; दारातून गेलं असतं तेही नुसतं खट् खट्. वरच्या टप्प्यावर, जिथून आम्ही चाचणी घेतली होती, तिथं जाणं भाग होतं. मी उठले तशी त्यांनी माझी ओढणी धरली.

"वर जाऊन तुमीबी ठीकच म्हनाल."

ओढणी त्यांच्या हातात ठेवून मी धावले. एवढ्या पायऱ्या मी कशा चढले ते मला माहीत नाही. वरून बोलल्यावर पहिल्याच हाकेला मावशींनी ओ दिली आणि माणसं धावली. आबांना खुर्चीत बांधून वर आणलं, तळेगावच्या दवाखान्यात नेलं. खुबा मोडला होता आणि अंगात थंडी भरली होती. डॉक्टर म्हणाले, अजून दोन तास गेले असते तर अवघड होतं.

उत्तर कोण देत होतं ते मी पुढच्या आठवड्यात शोधून काढलं. पाण्यापलीकडे, लोणावळ्याच्या अंगाला डोंगरउतारावर एक मोठं रिसॉर्ट आहे. त्यांचेही वायरलेस सेट, आमच्याच चॅनेलवर. त्यांचाही जॅकवेल, आणि त्यावर एक गार्ड, जो आधी आमच्या गेटवर होता आणि जाताना आमची रीत बरोबर घेऊन गेला होता. माझी पांढरी अँटेना थेट त्याच्याकडे बघत होती. खुणेचा सूर मीच काढलेला. तो बिचारा सुट्टीचे दोन दिवस सोडले तर रोज इमानेइतबारे आमच्या मावशींना उत्तर देत होता. एरवी आबांचं उत्तर आधी यायचं आणि मावशी लगेच बोलायला लागायच्या, त्यात त्याचं दबून जायचं.

"आमाला वाटायचं बेसवर नवी बाई ठेवली," तो म्हणाला. "बाई लय टायमाची पक्की. म्हून आमीबी कधी चुकवलं न्हाई."

उंच अँटेना उतरवली. भिंत फोडली, साहेबांची, दगड लावलेली. जाड केबल घातली, ठेंगणी अँटेना कड्याच्या तोंडाशी खाली बघेल अशी लावली, खुणेचा सूर परत भरला, आणि दोनदा बटण दाबायची रीत बंद केली. आता प्रत्येकानं आपल्या तोंडानं बोलायचं. चौकशीत रजिस्टर उघडलं तेव्हा पाच वेळा "जॅकवेल ठीक" निघालं, मावशींच्या गोल अक्षरात. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते मी सांगितलं म्हणून लिहिलंय, असं मी म्हटलं. तेव्हापासून मावशी मला मॅडम म्हणतात.

आबांना भेटायला तिकोणा पेठेला गेले ती दिवाळी उलटून गेल्यावर. ते ओट्यावर काठी घेऊन बसले होते. नोकरी सुटली होती. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. अँटेना, केबल, रिसॉर्ट, तिकडचा गार्ड. हातानं आकृत्या काढून सांगितलं. भूतबित काही नव्हतं आबा, प्रत्येक गोष्टीला कारण होतं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. सुनेनं चहा आणून ठेवला, तो निवला.

"समजलं," ते म्हणाले. "त्या पोराची चूक न्हाई. मशीनचं मशीनपाशी." मग काठीचं टोक जमिनीवर फिरवत त्यांनी विचारलं, "पन तो हात माझा न्हाई, हे मावशीला कळलं व्हतं म्हनं?"

"हो."

"कवा?"

खोटं बोलता आलं असतं.

"बाराला," मी म्हटलं. "मला फोन केला होता त्यांनी."

आबांनी मान हलवली. बाराच्या पुढचे तास ते मनात मोजत होते, आणि मी समोर बसून होते.